टाक्याला एक दिवस

कारखान्यात तिला सगळे कात्री म्हणत. गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री लटकत असायची हे एक कारण, आणि दुसरं कारण तिने तोंड उघडलं की आपोआप कळायचं. शाळांचे आणि कंपन्यांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात बावीस वर्षं ती काजाच्या मशीनवर बसत होती, त्याआधी शिवणाच्या. शिवणाची मशीनं पस्तीस, पण काजाचं एकच. शर्ट कुणीही शिवो, तो तिच्या हाताखालून गेल्याशिवाय इस्त्रीच्या टेबलावर पोचत नसे. त्यामुळे तिला दुखवायला कुणी धजावत नसे, आणि ती मात्र कुणाला दुखवायचं बाकी ठेवत नसे.

शिवण चुकली तर उसवता येते. काज चुकलं की हात चोळत बसायचं. मशीन आधी चौफेर टाके घालतं, मग मधोमध पातं पडतं, आणि पातं चुकीच्या जागी पडलं तर बोटाच्या पेराएवढ्या चिरेपायी अख्खा शर्ट चिंध्यांच्या पोत्यात जातो. नव्या बाईला शिकवताना कात्री एवढंच सांगायची, "पाय दाबायच्या आधी दोनदा बघ. नंतर माझ्यासमोर रडायचं नाही."

दरवाज्याजवळच्या खांबावर शर्टाच्या खोक्याचा एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर जाड पेनाने, कात्रीच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: टाक्याला एक दिवस, तेवढे दिवस मशीन राखून. अकरा वर्षांपूर्वी कटिंग मास्तरांचा हात कापायच्या पात्यात गेला तेव्हाची ही कमाई. मास्तरांना सत्तावीस टाके पडले होते आणि तेव्हाच्या मॅनेजरने निरोप धाडला होता की दोन दिवसांनी या, निदान उभं राहून लक्ष तरी ठेवा. कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मशीन बंद केलं, हाताची घडी घातली आणि दीड दिवस तशीच बसून राहिली. शर्टांचा डोंगर छताला लागायला आला तेव्हा मालक खाली उतरले. काय पाहिजे, असं त्यांनी विचारलं. तिने आधीच विचार करून ठेवला होता. दुखणं किती आहे यावर मॅनेजर लोक जन्मभर वाद घालतील, पण टाका मोजता येतो. ज्यांची हयात टाके घालण्यात गेली त्यांना टाक्याइतकं खरं दुसरं काय वाटणार? जितके टाके तितके दिवस भरपगारी सुट्टी, आणि परत आल्यावर आपलं मशीन आपल्याला. मालकांनी मान डोलावली. मास्तर सत्तावीस दिवस घरी बसले. तेव्हापासून रोज सकाळी आत येताना कात्री तो पुठ्ठा एका बोटाने सरळ करायची. वाकडा नसला तरी करायची.

नवरा लवकर गेला. मुलाला तिने मशीनच्या आवाजात वाढवलं, तो ट्रकवर ड्रायव्हर झाला आणि महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर राहू लागला. त्याचं लग्न झालं आणि सून घरात आली, ती वर्षभरात कात्रीच्या शेजारच्या मशीनवर कफ शिवायला बसली. सुनेचं कात्रीने पहिलं कौतुक केलं ते तिच्या कफाच्या टोकाचं. "निदान हाताला वळण आहे," ती म्हणाली. कात्रीच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळच होतं.

त्या सोमवारी सकाळी सुनेने मशीन थांबवलं आणि पोटावर हात दाबून धरला.

"आई, डाव्या बाजूला कळ येतेय."

"गॅस असेल. काल दिवसभर काही धड खाल्लं नाहीस."

"खांदापण दुखतोय."

"वाकून बसतेस म्हणून. पाठ सरळ ठेव."

सुनेची पाळी तीन आठवडे चुकली होती. मग दोन दिवस थोडंसं रक्त गेलं, म्हणून आली असेल उशिरा, असं समजून ती गप्प बसली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आशा लावून घ्यायची आणि मग तोंड पाडायचं हे तिला पुन्हा नको होतं. कात्रीने चेहरा पांढरा पडलेला पाहिला नाही असं नाही. पण शनिवारी दुपारी गिऱ्हाइकाची माणसं माल तपासायला येणार होती आणि नऊशे शर्ट अजून कफाविना पडले होते. "मी बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत मशीनवर होते," ती म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात कितीतरी बायकांना ऐकवलं होतं. सून पुन्हा मशीनवर वाकली.

मंगळवारी अकराच्या सुमाराला कफांचा गठ्ठा उचलताना ती जागीच खाली बसली आणि मग आडवी झाली. कटिंग मास्तरांनी आणि कात्रीने तिला रिक्षात घातलं.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण चाळिशीची, बारीक, घाईची. तिने पोट दाबलं, लघवी तपासायला लावली, सोनोग्राफी करून घेतली आणि कात्रीला पडद्यामागे बोलावलं.

"दिवस गेलेत. पण गर्भ पिशवीत नाही, नळीत अडकलाय. तिथे तो वाढू शकत नाही. नळी फाटायला लागलीय, पोटात रक्त साचतंय. ऑपरेशन आत्ता करायचं."

"पोट फाडणार?"

"नाडी आणि रक्तदाब धरून आहेत, म्हणून दुर्बिणीने करते. तीन लहान छेद. नळी मात्र वाचेलसं वाटत नाही. दुसरी चांगली असली तर पुढे दिवस राहू शकतात. दुखायला कधी लागलं?"

"काल सकाळी."

"मग कालच का नाही आणलंत? फाटायच्या आधी आल्या असतात तर नळी कदाचित वाचली असती. नक्की नाही सांगत, कदाचित."

कात्रीने कागदावर सही केली. बाहेरच्या बाकावर ती सव्वा तास बसली. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांची चित्रं होती, ती तिने इतक्या वेळा पाहिली की पुढे कित्येक दिवस डोळे मिटले की तीच दिसत. मुलाला फोन लावला. तो दोन दिवसांच्या वाटेवर होता. "मी होते ना तिच्याजवळ," असं ती त्याला म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

गुरुवारी सुनेला घरी आणलं. बेंबीत एक टाका, खाली दोन्ही बाजूंना एकेक. वरून चिकटपट्ट्या. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या हवेने खांदे अजून ठणकत होते. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि कात्रीने गरम पाण्याची पिशवी पुढे केली तेव्हा ती घेतली पण वर पाहिलं नाही. डॉक्टरिणीने लिहून दिलं होतं: तीन आठवडे विश्रांती, वजन उचलायचं नाही, पायाने दाबायचं मशीन चालवायचं नाही.

हा कागद घेऊन कात्री दुपारी मॅनेजरच्या काचेच्या खोलीत गेली. हा मॅनेजर नवा, तरुण, कधी आवाज न चढवणारा. जुना शिव्या द्यायचा, पण शिव्या दिल्या की त्याचं संपायचं. हा केसाने गळा कापणारा होता. त्याने कागद वाचला, व्यवस्थित घडी करून परत दिला आणि विचारलं, "टाके किती पडले?"

"तीन."

"मग बुध, गुरू, शुक्र. शनिवारी त्या मशीनवर पाहिजेत. नाहीतर बाहेर चार जणी जागेसाठी थांबल्यात, त्यातली एक बसवतो."

"साहेब, डॉक्टरने तीन आठवडे लिहिलेत."

"बाई, डॉक्टरच्या कागदावर इथे कधी सुट्टी मिळालीय का? इथे नियम आहे, आणि नियम तुमचाच आहे. अक्षरसुद्धा तुमचं. मी त्यात एका शब्दाची ढवळाढवळ केलेली नाही." त्याने खांबाकडे बोट केलं. "आणि हल्लीची ऑपरेशनं काय, तीनच तर भोकं असतात. माझ्या मेहुणीचं झालं, चौथ्या दिवशी बाजारात हिंडत होती."

मेहुणीचं कसलं ऑपरेशन झालं होतं, हे विचारायचं भान कात्रीला राहिलं नाही. ती खोलीबाहेर आली आणि आपल्याच पुठ्ठ्यासमोर उभी राहिली. अकरा वर्षं तो सरळ करताना तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की टाके कमी आणि आत होत्याचं नव्हतं, असंही होऊ शकतं. हातापायाच्या जखमा डोळ्यांसमोर ठेवून तिने नियम केला होता. बोटात सुई, तळव्यात पातं, मनगटाला चटका. पोटाचा विचार केला नव्हता. पस्तीस मशीनांवर तीस बायका आणि नियम करणारी स्वतः बाई, तरी पोटाचा विचार कुणीच केला नव्हता. मॅनेजरवर दातओठ खाता खाता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा दवाखान्यात गेली आणि डॉक्टरिणीला दारातच गाठलं.

"मॅडम, कागदावर एकवीस टाके लिहून द्या."

"काय?"

कात्रीने नियम सांगितला. डॉक्टरीण आधी हसली, मग तिचं हसू मावळलं.

"आत तरी टाके असतील ना," कात्री म्हणाली. "नळी काढली, मग आत शिवलं असेलच की."

"आत एकही टाका नाही. उष्णता देऊन रक्तवाहिन्या बंद करतात आणि मग कापतात."

"मग लिहा ना आपलं. तुमचं काय जातंय?"

"माझं काय जातंय?" डॉक्टरिणीचा आवाज चढला. "दहा वर्षांपूर्वी याच आजाराला आम्ही वीतभर पोट फाडत होतो. बायका महिनामहिना वाकून चालायच्या. तीन टाक्यांत बाई वाचवायला मी किती वर्षं घालवली, ठाऊक आहे? आणि आता तुमच्या मॅनेजरला पटावं म्हणून मी ते खोटं पाडू? की पुढच्या बाईचं पोट मुद्दाम फाडू, म्हणजे तिला सुट्टी मिळेल? जखम लहान ठेवली हे माझं काम. आतला घाव लहान होता असं मी कुठेही लिहिलेलं नाही. दीड बाटली रक्त तिच्या पोटात होतं. नियम चुकलाय तुमचा. तो दुरुस्त करा."

कात्रीला असं कुणी बोललं तर ती एरवी दहा वाक्यांनी परतफेड करायची. त्या दिवशी ती फक्त म्हणाली, "खरंय." आणि तिथून थेट कारखान्यात आली.

मॅनेजरच्या खोलीत खुर्चीमागे एका खिळ्यावर नमुन्याचा शर्ट टांगलेला असे. गिऱ्हाइकाने पसंत केलेला, गळ्याशी त्यांचं शिक्क्याचं कार्ड शिवलेला. शनिवारी येणारी माणसं सगळा माल त्या एका शर्टाशी ताडून पाहणार होती. तो नसेल तर माल पास होत नसे, आणि दुसरा मागवायचा म्हणजे आठवडा गेला. मॅनेजर जेवायला गेला होता. कात्रीने आत जाऊन शर्ट काढला, आपल्या मशीनवर आणला, मांडीवर पसरला. पाय दाबायच्या आधी तिने नेहमीसारखं दोनदा पाहिलं. पोटाच्या जागी मधोमध एक. मग खाली डावीकडे एक, उजवीकडे एक. तिन्ही काजं इतकी सुबक पडली की कारखान्यात दुसऱ्या कुणाला जमली नसती.

शेजारची मशीनं थांबली होती. ती थांबलेली पाहून पलीकडची थांबली. मॅनेजर जेवून आला तेव्हा मजल्यावर पंख्यांशिवाय कशाचाच आवाज नव्हता. खांबाजवळ कात्री शर्ट दोन्ही हातांनी पसरून उभी होती.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा तो गोड आवाज पार फाटला.

"वेड लागलंय का तुम्हाला? नमुना आहे तो!"

"तीनच तर भोकं आहेत, साहेब. बाकी शर्ट जिथल्या तिथे आहे. कॉलर आहे, बाह्या आहेत, शिक्का आहे. उद्या घाला की कामाला."

"भोक लहान असलं म्हणून काय झालं? अख्खा पीस मेला ना!"

तो बोलून गेला आणि मग त्यालाच ऐकू आलं. पस्तीस मशीनांवरून त्याच्याकडे पाहणारे डोळे हलले नाहीत. कात्रीने शर्ट घडी करून त्याच्या हातात दिला.

"माझ्या सुनेच्या पोटात मूल मेलंय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि बावीस वर्षांत तो असा कुणी ऐकला नव्हता. "नळी फाटली, दीड बाटली रक्त गेलं. शर्टाचं तुम्हाला बघताक्षणी कळलं. मग तिचं का कळलं नाही?"

कटिंग मास्तर टेबलामागून उठून आले. जुना व्रण असलेल्या हाताने खुर्ची ओढून ते बसले आणि म्हणाले, "आता आपण मालकांना फोन लावावा हे बरं."

मालकांना गिऱ्हाइकाची काळजी होती, सुनेची होती असं कुणी समजू नये. फोनवर ते मॅनेजरवर पाच मिनिटं ओरडले, मग कात्रीवर पाच मिनिटं ओरडले. पण मशीनं बंद होती आणि बंदच राहणार होती हे त्यांना बरोबर समजलं. संध्याकाळी चार वाजता निकाल लागला. दुसरा नमुना येईपर्यंत मालाची तपासणी पुढे ढकलली. डॉक्टर लिहून देईल तितके दिवस सुट्टी, मशीन राखून. आणि नमुन्याची नासधूस केल्याबद्दल कात्रीला काजाच्या मशीनवरून काढून कोपऱ्यातल्या टेबलावर धागे कापायला बसवायचं, कायमचं. तिथे नव्या मुली बसतात. बायका पुन्हा हात थांबवायला निघाल्या, तर कात्रीनेच त्यांना दटावलं. "बसा खाली. माझं माझं मी बघते. मिळालंय ते आधी पदरात पाडून घ्या."

तिने जुना पुठ्ठा काढला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नवा नियम लिहिला. मास्तरांनी वाचून मान हलवली. मग ती पेन हातात धरून तशीच उभी राहिली आणि बऱ्याच वेळाने खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. त्या कुणी मागितल्या नव्हत्या, मालकांना विचारलं नव्हतं. कुणी खोडल्याही नाहीत.

तीन आठवडे कात्री घरी स्वयंपाक करत होती, भांडी घासत होती, सुनेच्या हाताला बादली लागू देत नव्हती. मुलगा येऊन चार दिवस राहून गेला. तो बायकोजवळ बसून रडला. सून त्याच्याजवळ रडली, कात्रीसमोर नाही. "हो", "नको", "ठेवा तिथे", एवढंच दोघींचं बोलणं. कारखान्यात काय झालं ते सुनेला शेजारणीकडून कळलं होतं. कात्री मनातून धुमसत राहिली, की मी माझं मशीन घालवलं हिच्यासाठी आणि हिच्या तोंडून एक शब्द निघू नये. आणि मग रात्रीचं जेवण वाढता वाढता तिला तो सोमवार आठवायचा आणि तिची मान खाली जायची.

बाविसाव्या दिवशी दोघी बरोबर कामावर गेल्या. काजाच्या मशीनवर बसलेली नवी बाई पहिलंच काज तिरकं घालत होती, ते पाहून कात्रीने तोंडातल्या तोंडात एक सणसणीत शिवी हासडली. सून खांबापाशी थांबली. तिने पुठ्ठा वरपासून वाचला आणि शेवटच्या ओळींशी आल्यावर त्या हळू आवाजात वाचल्या.

"दुखतंय असं कुणी म्हटलं की मशीन थांबवून आधी दवाखान्यात न्यायचं. गॅस आहे असं सांगायचं नाही."

तिने वळून सासूकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"हे मालकांसाठी लिहिलंत?"

"नाही," कात्री म्हणाली. "माझ्यासाठी. मी तुझं ऐकलं नाही. चूक माझी होती."

"हो," सून म्हणाली. "तुमचीच होती."

तिने पुठ्ठा एका बोटाने सरळ केला आणि आपल्या मशीनकडे गेली. थोड्या वेळाने पहिला शिवून झालेला कफ घेऊन ती कोपऱ्यातल्या टेबलाशी आली आणि तो कात्रीपुढे ठेवला.

"धागे नीट कापा, आई," ती म्हणाली. "टोक बिघडवू नका."